दाखल्यावरचं वय

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात वायर हार्नेस बनतात. ठरलेल्या लांबीला वायर कापायची, टोकं सोलायची, टर्मिनल क्रिंप करायचं, ते कनेक्टरमध्ये बसवायचं आणि शेवटी टेस्ट बोर्डवर लावून दिवा लागतो का ते पाहायचं. काम करणाऱ्या बहुतेक बायका आहेत, निळ्या अ‍ॅप्रनमधल्या, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. दाराशेजारी मराठीत पाटी आहे: येथे बालकामगार काम करत नाहीत. आत केबिनमध्ये मालकाच्या संगणकावर एक एक्सेल फाइल उघडी होती. ती त्यांना पुण्याच्या ग्राहकाकडून आली होती आणि त्या ग्राहकाला त्याच्या परदेशी ग्राहकाकडून. तुमच्या मालात कोबाल्ट आहे का, अभ्रक आहे का, असल्यास त्यावर कोणत्या कारखान्यात, कोणत्या देशात प्रक्रिया झाली, असे प्रश्न त्या फाइलीत होते.

मालकांनी वायरवाल्याला फोन लावला. वायरवाल्याने सांगितलं, मी माझ्या पुरवठादाराला विचारतो, तोवर ‘नाही’ असं भरून द्या.

संपादकांनी यंदा ‘वस्तूंची वंशावळ’ हा विषय दिला तेव्हा मला हीच फाइल हवी होती. मोबाइल, मोटार, मीटर, इस्त्री विकणाऱ्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालात छापतात की आमच्या पुरवठा साखळीत बालमजुरी खपवून घेतली जात नाही. हे वाक्य खरं ठेवण्याचं काम प्रत्यक्षात कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि ते कुठवर पोचतं, हे नाशिकमध्ये उभं राहून पाहता येतं. सीमेन्स, एबीबी, क्रॉम्प्टन यांच्यासारख्या कंपन्यांमुळे या गावात विजेच्या सामानाची पिढ्यान्पिढ्यांची जॉबवर्कची दुनिया उभी आहे. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके आहेत, जिथली कुटुंबं दर वर्षी पोटासाठी घर सोडतात.

फाइल आली कुठून

2004 मध्ये काही मोठ्या संगणक कंपन्या आणि त्यांच्यासाठी माल बनवणारे कारखानदार एकत्र आले आणि त्यांनी एक समान आचारसंहिता तयार केली. प्रत्येक ग्राहक आपापली वेगळी तपासणी पाठवत असे, त्याला पुरवठादार कंटाळले होते. ही संघटना 2017 पासून ‘रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स’ या नावाने ओळखली जाते. तिचा नियम असा: पंधरा वर्षं, सक्तीच्या शिक्षणाचं वय किंवा त्या देशाचं किमान कामाचं वय, यांपैकी जे मोठं असेल त्याखालचं मूल कामावर नको. अठरा वर्षांखालच्यांना धोक्याचं काम, रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नको. तपासणीला 200 पैकी गुण मिळतात आणि बालमजुरीसारखा दोष निघाला तर तो सर्वांत गंभीर प्रकारात जातो.

नियम लिहिणं सोपं होतं. 2012 च्या तपासण्यांमध्ये अ‍ॅपलला आपल्या पुरवठादारांच्या 11 कारखान्यांत कमी वयाचे 106 कामगार प्रत्यक्ष कामावर सापडले. त्यातले 74 एकट्या ग्वांगडाँगमधल्या एका कारखान्यात होते. हा कारखाना सर्किट बोर्डाचे सुटे भाग बनवत असे. मुलांना तिथे आणणारी मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी होती आणि मुलांच्या घरच्यांच्या मदतीने तिने वयाचे खोटे कागद तयार केले होते. अ‍ॅपलने त्या कारखान्याशी व्यवहार तोडला आणि मुलं घरी परत गेली. या प्रकरणातून उद्योगाने मुख्य धडा घेतला तो असा की कारखान्याच्या गेटवर नुसता कागद पाहून चालणार नाही, कामगार आणून देणाऱ्या मधल्या माणसाकडेही पाहायला हवं. आपल्याकडे त्या मधल्या माणसाला ठेकेदार म्हणतात.

गेटवर

ऑडिट बहुधा तारीख कळवून होतं. सकाळी ओपनिंग मीटिंग, मग कारखान्यात फेरी, मग कागद: मस्टर, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयची चलनं, ठेकेदाराचं लायसन्स, प्रत्येकाची पर्सनल फाइल. दुपारनंतर कामगारांशी बोलणं, मालक आणि सुपरवायझर यांना बाहेर ठेवून. नाशिक, सिन्नर, चाकण पट्ट्यात अशी ऑडिटं करणाऱ्या एका माणसाने मला त्याची रीत समजावून दिली. फेरी मारताना तो यंत्रांपेक्षा चेहऱ्यांकडे जास्त पाहतो. सगळ्यांत कोवळे चार-पाच चेहरे मनात ठेवायचे आणि नंतर त्याच लोकांच्या फाइली मागायच्या, हजेरीवहीने सुचवलेल्या नाहीत. आणखी एक तपासणी असते: आज एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा कामावर लागला तेव्हा किती वर्षांचा होता? रुजू होण्याची तारीख आणि जन्मतारीख यांची वजाबाकी केली की मागचं प्रकरण उघडं पडतं.

या वजाबाकीत महाराष्ट्रात एक अडचण आहे आणि ती खास आपली आहे. फाइलींचा गठ्ठा चाळताना जन्मतारखांच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एक जून दिसतो. घरी जन्म, नोंद नाही, आईला आठवतं ते एवढंच की पाऊस लागला होता किंवा भात काढणी चालू होती. मूल शाळेत आलं की गुरुजी पटावर एक जून लिहायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि सहा वर्षं पूर्ण दाखवायची असत. अनेकदा वर्षही अंदाजाने लिहिलं जाई. हीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तिथून आधारवर, तिथून पीएफमध्ये. जर्मनी किंवा कॅलिफोर्नियातला अधिकारी ज्या आकड्यावर विश्वास ठेवतो, तो कुठल्यातरी पाड्यावरच्या गुरुजींनी मुलाच्या उंचीकडे बघून ठरवलेला असू शकतो. यात गुरुजींचा दोष नाही, त्यांच्यामुळेच ते मूल शाळेत बसलं.

कायद्याला हे ठाऊक आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवण्याचा क्रम दिला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर हाडांची वैद्यकीय चाचणी. आधार या क्रमात नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या खटल्यात शाळेचा दाखला ग्राह्य धरून आधारवरची तारीख बाजूला ठेवली. तरीही गेटवर पहिल्यांदा आधारच मागतात, कारण ते प्रत्येकाच्या खिशात असतं. मला भेटलेला ऑडिटर एक जूनवाल्यांना दहावीचं वर्ष विचारतो, शाळेचं नाव विचारतो, बरोबर कोण होतं ते विचारतो. खरं वय बोलण्यातून बाहेर येतं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी मराठी यायला हवी आणि घाई नको. एका दिवसात ऐंशी जणांचा कारखाना संपवायचा असेल तर यातलं काहीच होत नाही.

इतकं असूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अंबड-सातपूरच्या मोठ्या कारखान्यांत आणि त्यांच्या थेट व्हेंडरांकडे गेटच्या आत लहान मूल दिसणं आज अवघड आहे, आणि त्यात या तपासण्यांचा वाटा आहे. ग्राहक जाईल ही भीती लेबर इन्स्पेक्टरच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. पण प्रत्येक व्हेंडरच्या मागे आणखी एक माणूस असतो. रबरी भागांच्या कडांची बर (जादा राहिलेला भाग) काढणं, छोटे भाग जोडणं, मोजून पिशव्या भरणं ही नगावर पैसे देणारी कामं देशभर घराघरांत वाटली जातात. तिथे गेट नाही, मस्टर नाही. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्व कामांत बंदी केली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगाला हातभार लावायची सवलत ठेवली. ठेकेदाराने घरी आणून टाकलेलं पोतं हा कुटुंबाचा उद्योग आहे का? त्या खोलीत ऑडिटर जात नाही, म्हणून हा प्रश्न कुणाला पडत नाही.

अभ्रकाची पट्टी

नाशिकरोडजवळ एकलहऱ्याला रेल्वेची ट्रॅक्शन मोटारी दुरुस्त करणारी कार्यशाळा आहे, आणि शहरभर मोटार रिवाइंडिंगची लहान दुकानं आहेत. मोठ्या, जास्त दाबाच्या मोटारीच्या तांब्याच्या गुंडाळ्यांवर एक पट्टी घट्ट लपेटतात. तिच्यात अभ्रक असतं. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, ते उष्णता सोसतं आणि वीज अडवतं, म्हणून मोटारीपासून इस्त्रीच्या आतल्या तारेपर्यंत आणि आगीत टिकणाऱ्या केबलपर्यंत त्याला पर्याय शोधणं कठीण आहे. फाइलीत अभ्रकाचा रकाना आहे तो यासाठी.

भारतातलं अभ्रक बव्हंशी झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह आणि बिहारच्या नवादा भागातून येत आलं. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अधिकृत खाणी एकेक करून बंद पडल्या, मागणी मात्र थांबली नाही. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यातून आणि जंगलातल्या बिळांसारख्या खड्ड्यांतून लोक चुरा वेचू लागले. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. कुटुंबच्या कुटुंब वेचतं. बिळात लहान अंग सहज शिरतं, म्हणून मूल आत जातं. 2016 मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी तिथे जाऊन दाखवलं की अशा खड्ड्यांत दोन महिन्यांत सात मुलं गाडली गेली होती आणि मृत्यू दडपले गेले होते, कारण खड्डाच बेकायदा. पुढच्या वर्षी कंपन्यांनी मिळून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन केली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या सर्वेक्षणात या पट्ट्यात 5 हजारांहून अधिक मुलं शाळेबाहेर आढळली.

ढिबरा वेचणाऱ्याकडून गावातल्या व्यापाऱ्याकडे, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कागद बनवणाऱ्या कारखान्यात, मग पट्टी, मग गुंडाळी. बंद खाणीचा परवाना दाखवून माल अधिकृत होत असे. कोबाल्टचीही हीच गत. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं. 2016 च्या जानेवारीत अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि आफ्रीवॉच यांनी कोल्वेझी भागातल्या हाताने खणणाऱ्यांच्या कहाण्या समोर आणल्या. मुलं दगड वेचत, धूत आणि पोती उचलत होती, आणि खरेदी करणारी घरं तो माल कुणी खणला हे विचारतच नव्हती. तिथून माल शुद्धीकरण कारखान्यात जातो आणि एकदा वितळला की कोणत्या खड्ड्यातला दगड कोणता हे कायमचं संपतं. म्हणून तपासणीची सगळी रचना या चिंचोळ्या जागेभोवती आहे. खड्डे हजारो, मोबाइल बनवणारे शेकडो, पण मध्ये धातू गाळणारे मोजके. त्यांचं ऑडिट करायचं आणि खालच्या सगळ्यांना विचारायचं की तुमचा माल या मान्य यादीतल्या कारखान्यातला आहे का. अंबडच्या गाळ्यातली एक्सेल फाइल म्हणजे हाच प्रश्न, पाच हातांतून उलटा आलेला.

त्या पाच हातांमध्ये जबाबदारी कुणाची, याचं उत्तर न्यायालयातही मिळालेलं नाही. काँगोतल्या मुलांच्या कुटुंबांनी 2019 च्या डिसेंबरात अ‍ॅपल, गूगलची पालक कंपनी अल्फाबेट, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. 2024 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला: जागतिक साखळीतून माल विकत घेणं म्हणजे त्या गुन्ह्यात भागीदारी नव्हे. मला हा निकाल वाचून बरं वाटलं नाही. मालाची किंमत ठरवताना साखळी एक असते, आणि मूल मेलं की तिच्या कड्या सुट्या होतात.

द्राक्षाचा दाखला

नाशिकच्या शेतकऱ्याला मागोवा घेणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने 2006 मध्ये ग्रेपनेट ही नोंद-व्यवस्था सुरू केली आणि युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट नोंदला गेला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, निफाड-दिंडोरीची कितीतरी घरं त्या एका वर्षात कर्जात गेली. त्यानंतर प्रयोगशाळेचा अहवाल हा इथल्या घरगुती बोलण्याचा भाग झाला. रॉटरडॅमच्या दुकानातल्या पेटीवरून बागेचा गट नंबर काढता येतो.

मग मुलांच्या बाबतीत हे का जमत नाही? कारण फवारलेल्या औषधाचा अंश फळात राहतो. मुलाच्या श्रमाचा कुठलाच अंश वस्तूत राहत नाही. दहा वर्षांच्या मुलीने वेचलेलं अभ्रक आणि तिच्या आईने वेचलेलं अभ्रक कोणत्याही यंत्रावर सारखंच वाचलं जातं. मालाची चाचणी करून बालमजुरी सापडू शकत नाही, म्हणून कागदाची चाचणी करतात, आणि कागद ज्याने लिहिला त्याचाच त्यात फायदा असतो. निर्यातीच्या बागांना ग्लोबलगॅप या प्रमाणपत्राबरोबर कामगारांविषयीचीही प्रश्नावली भरावी लागते, त्यात अल्पवयीनांचा मुद्दा आहे. पण औषध फवारलं की ते लॅबमध्ये दिसणार हे बागायतदाराला माहीत असतं. डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याहून पिकअपमधून आलेल्या बायकांसोबत तेरा वर्षांची मुलगी होती की नव्हती, हे फक्त त्या पिकअपमधल्या बायकांना माहीत असतं.

त्याच तालुक्यात

मुंबई-आग्रा महामार्गावर इगतपुरी तालुक्यातल्या गोंद्याला मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांत प्रमाणपत्रांच्या फ्रेमा असतात, वयाची पडताळणी असते. त्याच तालुक्यात, घोटीजवळ, उभाडे आहे. 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या कातकरी वस्तीतली साधारण दहा वर्षांची एक मुलगी रात्री आपल्या झोपडीसमोर बेशुद्धावस्थेत सोडलेली आढळली. नाशिकच्या रुग्णालयात ती वारली. तिला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे मेंढ्या राखायला ठेवलं होतं. चौकशी सुरू झाली तशी आणखी मुलं पुढे आली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्यावर त्यांना वर्षावर्षासाठी दिलं होतं. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, घोटी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची कलमं लागली.

त्याच वर्षी जुलैमध्ये शिक्षण विभागाने शाळाबाह्य मुलं शोधण्यासाठी राज्यभर ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ राबवलं होतं. या मुलांचं असणं वस्तीला माहीत होतं, नसणंही माहीत होतं. कातकरी हा केंद्राने अतिअसुरक्षित मानलेल्या आदिम जमातींपैकी एक. बहुतेकांकडे जमीन नाही, पुष्कळांकडे जातीचा दाखलाही नाही. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा उचल घ्यावी लागते. उचल देणारा वीटभट्टीवाला असतो, कोळसाभट्टीवाला असतो किंवा मेंढपाळ, जो स्वतःही पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मागे फिरणारा गरीब असतो.

या मुलांचा इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीशी काही संबंध नाही, असं कुणी म्हणेल, आणि कागदावर ते खरंच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या 2025 च्या अंदाजानुसार जगात 13 कोटी 80 लाख मुलं कामाला जुंपलेली आहेत, आणि त्यातली साधारण 61 टक्के शेती, पशुपालन, मासेमारीत. मोठ्या कंपन्यांच्या मालात पोचणारी मुलं त्यातला लहान हिस्सा. पण कोडरम्याचं मूल आणि उभाड्याचं मूल घराबाहेर पडतं त्या कारणात फरक नाही: बापाच्या हातात रोकड नसलेले महिने. कंपन्यांची देखरेख या महिन्यांपर्यंत पोचत नाही. ती पोचू शकते असं मला वाटतं, पण ऑडिटरच्या हातून नाही.

जर्मनीच्या 2023 पासूनच्या पुरवठा साखळी कायद्यात एक उपयोगी तरतूद आहे. थेट पुरवठादाराच्या पलीकडे काय चाललंय याची ठोस माहिती कंपनीपर्यंत आली तर तिला हालचाल करणं भाग आहे, आणि बाहेरच्या कुणालाही तक्रार करता येईल अशी सोय ठेवणंही भाग आहे. म्हणजे जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाची नोंद, संघटनेच्या कार्यकर्त्याचं पत्र, स्थानिक वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी यांना एकदम वजन येतं. नाशिकमध्ये या कायद्याखाली येणाऱ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या तक्रारपेटीचा पत्ता मात्र इंग्रजी संकेतस्थळावर असतो, पेठच्या बसस्थानकावर नाही. राज्याने बालरक्षक शिक्षक नेमले, स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी पत्रक काढलं, गावातच मागे राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आणली. ही खरी देखरेखीची यंत्रणा आहे, कारण इथे पटावरचं नाव आणि रिकामी जागा रोज समोरासमोर येतात. कंपन्यांचा सामाजिक खर्चाचा पैसा शाळेच्या रंगकामावर जाण्याऐवजी हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर वेळेत गेला, तर नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात त्याचा परिणाम एका हंगामात दिसेल.

सापडल्यानंतर

मूल सापडलं तर काय करायचं याचं चांगलं उत्तर उद्योगातच आहे. अ‍ॅपलचा नियम आहे की पुरवठादाराने मुलाला घरी पोचवायचं, पसंतीच्या शाळेचा खर्च उचलायचा आणि कायदेशीर वय होईपर्यंत पगाराइतके पैसे घरी देत राहायचे. पगार चालू राहतो हे यातलं महत्त्वाचं, कारण नुसतं कामावरून काढलेलं मूल आठवड्यात दुसरीकडे लागतं, जिथे कुणी फाइल मागत नाही. आपल्याकडे 1996 च्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दर मुलामागे मालकाकडून 20 हजार रुपये घेऊन पुनर्वसन निधी करायला सांगितलं. वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला केंद्राच्या 2016 च्या योजनेत 2 लाख, अत्यंत गंभीर प्रकरणात 3 लाख रुपये मिळू शकतात, पण तातडीची छोटी रक्कम सोडली तर बाकीची खटल्याच्या निकालाशी बांधलेली. निकाल लागेपर्यंत मूल मोठं होऊन जातं.

सोळा वर्षांच्या मुलाचं काय, हा प्रश्न मला अंबडच्या त्याच मालकांनी विचारला. चुंचाळ्याहून एक आई मुलाला घेऊन त्यांच्या गेटवर आली होती. दहावी नापास, घरी बाप आजारी. दादा, याला कुठंतरी बसवा, म्हणाली. कायद्याने चौदा ते अठरामधल्या मुलाला बिनधोक्याचं काम देता येतं. 1948 च्या कारखाने कायद्यात तर वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन अशा मुलांना घेण्याची सविस्तर सोय होती. पण ऑडिटमध्ये अठराखालचा एकही कामगार दिसला की प्रश्नांची सरबत्ती होते, म्हणून नाशिकच्या बहुतेक कारखान्यांनी स्वतःहून अठराची रेघ ओढली आहे. मालकांनी त्याला परत पाठवलं. तो आता रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये आहे, ग्रीस आणि अ‍ॅसिडच्या कामात, कुठल्याही मस्टरवर नाही.

शिकाऊ उमेदवारी कायदा चौदा वर्षांपासून लागू होतो, धोक्याच्या कामांना अठरापासून. ठरलेलं विद्यावेतन, ठरलेले तास, शेवटी प्रमाणपत्र. त्या मुलाला बिनधोक्याच्या कामात वायर सोलायला आणि मीटर धरायला शिकवत दोन वर्षं सांभाळता आलं असतं. त्यासाठी ग्राहकाने व्हेंडरला लेखी सांगायला हवं की नियमात बसणारा सोळा वर्षांचा उमेदवार दिसला तर त्याचे गुण कापले जाणार नाहीत, आणि हार्नेसच्या दरात त्या विद्यावेतनाची भर घातली जाईल. मी मालकांना विचारलं, असं पत्र आलं तर घ्याल का. ते म्हणाले, पत्र येऊ द्या, गॅरेजवाल्याकडून मी स्वतः त्याला घेऊन येतो.